अर्थ कुठं सुटला?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला इथं बोलावलं आहे ते कवी म्हणून. तेव्हा हा माणूस कवितेवरच बोलणार, अशी तुमची समजूत झाली असेल. पण आज मी बोलणार आहे एका जुन्या मोटारीच्या वायरिंगबद्दल. कविता लिहितो हे खरं, पण घर चालतं ते वायरिंगवर.

मी अकोल्याचा. आमच्या अब्बांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं शेड, समोर कडुलिंब, आणि कडुलिंबाखाली ओळीनं लावलेल्या लोकांच्या बॅटऱ्या. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, दोन वर्षं नोकरीची वाट पाहिली आणि ती काही आली नाही, तेव्हा दुकानात बसलो. तेव्हापासून दिवसा वायरी जोडतो आणि रात्री ओळी. चुका दोन्हीकडे होतात. ओळीत चूक झाली तर फार तर एखादा समीक्षक रागावतो. वायरीत झाली तर गाडी जळू शकते. माझ्या हातून झालेल्या अशाच एका चुकीची ही हकिगत आहे.

दुकानात बसलो त्याच आठवड्यातली गोष्ट. अब्बा एका जीपखाली आडवे झाले होते. तिथूनच त्यांनी आवाज दिला, “बेटा, इसका अर्थ छूट गया है, देख!” मी नुकताच कॉलेजातून कवितांचे अर्थ लावून बाहेर पडलेलो. क्षणभर गोंधळलोच. गॅरेजमधला ‘अर्थ’ म्हणजे इंग्रजीतली जमीन, मराठीतल्या अर्थाशी त्याचं काही नातं नाही, हे लगेच लक्षात आलं. पण तो शब्द तेव्हापासून मनात बसला.

हा अर्थ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. घरातल्या दिव्याला दोन वायरी असतात. एकीनं वीज येते, दुसरीनं परत जाते. मोटारीत बहुतेक ठिकाणी दिव्याकडे जाणारी वायर एकच असते. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. बॅटरीचं एक टोक जाड पट्टीनं बॉडीला जोडलेलं असतं, इंजिनही असंच बॉडीला जोडलेलं असतं. वीज वायरीनं जाते आणि लोखंडातून बॅटरीकडे परत येते. ती जेवढी गेली तेवढी परत आली पाहिजे. परतीची वाट गंजली, सैल झाली, तर बल्ब नवा असो, वायर नवी असो, बॅटरी नवी असो, दिवा मिणमिणतोच. बघणारा मात्र बल्ब, वायर आणि बॅटरीकडेच बघत राहतो.

आता गोष्टीकडे येतो. मागच्या हिवाळ्यात अमरावतीहून एका ताईंचा फोन आला. शाळेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, “भाऊ, आमच्या बाबांची हेराल्ड आहे. बाबा गेले, गाडी शेडमध्ये उभी आहे. मुलगा म्हणतो, भंगारात काढ. मला काढायची नाही. दोन इलेक्ट्रिशियन येऊन गेले. सेल्फ मारला की धूर निघतो. आता गाडीला हात लावायलाही कुणी तयार नाही. तुम्ही जुन्या गाड्यांचं काम करता असं कळलं.”

हेराल्ड हे नाव आजच्या मुलांना माहीत नसेल. ट्रायम्फ हेराल्ड ही मूळची इंग्लंडची गाडी, तिथं ती १९५९ साली आली. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासच्या कारखान्यात ती ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावानं तयार होऊ लागली. इंजिन ९४८ सीसीचं. तिचा आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी काढलेला. त्या काळी आपल्या रस्त्यांवर मुख्यतः ॲम्बॅसेडर, फियाट आणि ही हेराल्ड. त्यात हेराल्ड जरा नखऱ्याची. मागच्या बाजूला पंखासारख्या कडा, आणि पुढचं बॉनेट मडगार्ड-हेडलाइटसकट पुढे उलटणारं, मगरीनं जबडा उघडावा तसं. हिचीच चासी आखूड करून १९६२ साली इंग्लंडमध्ये ‘स्पिटफायर’ नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार निघाली. तिचा आकारही मिकेलोत्तींचाच. म्हणजे आमची वऱ्हाडातली हेराल्ड ही एका नामांकित स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण. कापसाचे व्यापारी, वकील, डॉक्टर अशा लोकांकडे ती असे. चार दाराची हेराल्ड मात्र खास भारतातलीच, ती इंग्लंडमध्ये कधी निघाली नाही.

ताईंनी गाडी ठेवायची ठरवली त्याला एक कारण घडलं होतं. केंद्र सरकारनं २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्या चासीत, बॉडीत, इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र ती रस्त्यावर आणता येत नाही. ताईंना गाडी रोज फिरवायची नव्हतीच. त्यांना एवढंच हवं होतं, की बाबांची गाडी बाबांच्याच नंबरवर राहावी आणि कधीतरी तिच्यात बसून गावाला एक चक्कर मारता यावी.

मी एसटीनं अमरावतीला निघालो. हा अकोला-अमरावती रस्ता आमच्या पायाखालचा. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा. २०२२ च्या जून महिन्यात याच रस्त्यावर सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि त्याचा गिनेस बुकात विक्रम नोंदला गेला. आज एसटीत डोळा लागतो. पूर्वी या रस्त्यानं रात्रीचं जायचं म्हणजे समोरून ट्रकचे झोत, कडेला बैलगाड्या आणि आपले दिवे धड नसतील तर देवाचं नाव. हे मुद्दाम सांगतो आहे, पुढं त्याचं काम पडणार आहे.

ताईंनी शेड उघडलं. गाडीवर जुनी चादर. चादर काढली तर आत फिकट निळी हेराल्ड, धुळीतही ऐटीत उभी. मी बॉनेट उलटलं. आत वायरिंगची अवस्था म्हणजे दिवाळीनंतरचं अंगण. इथं काळी टेप, तिथं लाल टेप, कुठं नवी वायर, कुठं वितळून एकमेकींना चिकटलेल्या जुन्या वायरी.

अशा वेळी पहिलं काम काय? पहिलं काम, हात न लावणं. बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आधी काढायचं. काम संपल्यावर तेच टोक सगळ्यात शेवटी लावायचं. दुसरं टोक आधी काढलं आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. आणखी एक गोष्ट बघायची. आज आपण ऋण टोक बॉडीला जोडतो. त्या काळच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत धन टोक बॉडीला असे. न बघता बॅटरी उलटी लावली तर डायनमो, रेग्युलेटर यांचे हाल होतात.

दुसरं काम म्हणजे रंग वाचणं. या गाड्यांच्या वायरींना रंगांची एक शिस्त आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीकडून आलेली. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून गेलेली. निळी हेडलाइटची, लाल साइड लाइट आणि मागच्या लाइटची, पिवळी डायनमोची. आणि काळी म्हणजे अर्थची, परतीची. दोन रंगांची वायर असेल तर मुख्य रंग घराणं सांगतो आणि बारीक रेघ त्या घरातला माणूस. निळीवर पांढरी रेघ म्हणजे लांबचा झोत, निळीवर लाल रेघ म्हणजे डिपर. ही लिपी येत असेल तर वायरिंगचा गठ्ठा पुस्तकासारखा वाचता येतो.

जुन्या इंग्रजी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं बरंचसं सामान लुकास कंपनीचं असे. बर्मिंगहॅमचे जोसेफ लुकास. त्यांच्या सायकलच्या दिव्याचं नाव होतं ‘रस्त्याचा राजा’. पुढं स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या इंग्रज-अमेरिकन शौकिनांनी थट्टेनं लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणायला सुरुवात केली, कारण म्हणे ऐन रात्री दिवे जातात. ही थट्टा जगभर चालते. इतक्या वर्षांच्या कामानंतर मला ती तेवढी खरी वाटत नाही. साठ वर्षांची गाडी, तिच्या सांध्यांत गंज, वरून तीन पिढ्यांच्या मेकॅनिकांनी आपापल्या परीनं मारलेल्या टेपा. एवढं झाल्यावर दोष दिवा करणाऱ्याचा कसा? त्यात आमचा वऱ्हाड. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. बॉनेटखाली किती होत असेल? वायरीवरचं प्लास्टिक कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं. मग येतो पावसाळा आणि तुटलेल्या जागी ओल शिरते.

ताईंच्या गाडीत पिवळी वायर सगळ्यात जास्त वितळली होती. आधीच्या दोघांनीही तेच पाहिलं होतं. पिवळी म्हणजे डायनमोची, तेव्हा दोष डायनमोत. एकानं डायनमो भरून आणला, दुसऱ्यानं रेग्युलेटर बदलला. सेल्फ मारला की पुन्हा धूर. मीही अर्धा दिवस त्याच वाटेनं गेलो. डायनमो सोडवला, तपासला, ठीक होता. रेग्युलेटर नवाच होता.

दुपारी डबा खाता खाता एक साधी गोष्ट लक्षात आली. धूर सेल्फ मारताना निघतो. सेल्फ मारताना इंजिन नीट फिरत नसतं, म्हणजे डायनमोही काही देत नसतो. मग डायनमोच्या वायरीतून एवढा करंट कसा जाईल? दोष डायनमोत असूच शकत नाही. रंगावर विश्वास ठेवून आम्ही तिघं फसलो होतो.

मग मीटर काढला. सगळ्या वायरिंगवाल्यांनी ही चाचणी पाठ करून ठेवावी. मीटरचं एक टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या खांबावर धरायचं, थिंबलवर नाही, खुद्द खांबावर. दुसरं टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर. मग क्षणभर सेल्फ मारायचा. दोन्ही टोकं एकाच परतीच्या वाटेवर आहेत, त्यामुळं मीटरनं जवळजवळ काहीच दाखवता कामा नये, फार तर अर्धा व्होल्ट. मला तिथं चार व्होल्टच्या वर दिसले. बारातले चार वाटेतच गळत होते.

बॅटरीपासून बॉडीपर्यंतची जाड पट्टी पाहिली. वरून ठीक. बोल्ट सोडवला तर खाली गंजाचा थर, पट्टीच्या तारा हिरव्या पडून निम्म्या तुटलेल्या. अर्थ सुटला होता तो इथं. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. तेवढा करंट या पट्टीतून परत यायला हवा. पट्टी बंद झाली तर तो दुसरी वाट शोधतो. पाणी कसं बांध फुटला की चिखलातूनही वाट काढतं, तसं. काही गाड्यांत तो चोकच्या तारेतून परत येतो आणि चोकची मूठ गरम होते. या गाडीत त्यानं कुठली वाट धरली होती? मी पिवळ्या वायरीचा माग काढू लागलो.

तिचं एक टोक पुढं हेडलाइटच्या बॉडीला आवळलेलं होतं. दुसरं टोक वायरिंगच्या गठ्ठ्याबरोबर मागं येऊन, टेपखालून थेट बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकाला. म्हणजे ही डायनमोची वायर नव्हतीच. ही कुणीतरी नंतर टाकलेली परतीची वायर होती. आणि ती मोटारीची वायरही नव्हती. घराच्या भिंतीत घालतात तसली बारीक वायर. मध्ये एक जोड होता. टेप सोलली. दोन टोकं एकमेकांत अडकवून, दोन वेढे उलटे घेऊन मारलेला पीळ.

असा पीळ आमच्या दुकानात मारतात. अब्बांनी शिकवलेला. आणि ती पिवळी वायर आमच्या घराच्या वायरिंगमधून उरलेली होती.

श्रोतेहो, मी तिथंच शेडमध्ये खाली बसलो. १९९३ सालचा हिवाळा. अब्बा तापानं घरी होते, दुकानात मी एकटा. दिवे लागणीच्या वेळेला एक वकीलसाहेब फिकट निळी गाडी ढकलत घेऊन आले. अकोल्याच्या कोर्टातलं काम उरकून अमरावतीला परत निघालेले. सेल्फ उचलत नव्हता, हेडलाइट मिणमिणत होते. मला म्हणाले, “पोरा, कसंही कर, पण मले आज घरी पोचायचं आहे.” मी बॅटरी पाहिली, ठीक. बल्ब पाहिले, ठीक. मीटर घेऊन शोधत बसायला धीर नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा तेवढी अक्कलही नव्हती. दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीपर्यंत एक वायर हातानं धरून पाहिली, तर दिवे लख्ख पेटले. झालं! ती वायर कायमची बांधून टाकली. गॅरेजच्या भाषेत याला ‘डायरेक्ट मारणं’ म्हणतात. फ्यूज नाही, जाडीचा हिशेब नाही. वकीलसाहेब खूश. मला दहा रुपये जास्त देऊन गेले. मी त्या रात्री घरी जाऊन अब्बांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “छूटा कहाँ था?” सुटलं कुठं होतं? मला सांगता आलं नाही.

वायर धरल्यावर दिवे पेटले, इथं मला उत्तर मिळालेलंच होतं. गाडीचा अर्थ बॅटरीपासून सुटला आहे, एवढाच त्याचा मतलब. त्या वायरीनं मला दोष कुठं आहे ते दाखवलं होतं, आणि मी तिलाच इलाज समजलो. हातानं धरलेली वायर ही तपासणी असते. तीच बांधून टाकली की खरा दोष झाकला जातो. पट्टी पुढं गंजत राहिली. ती जेवढी गंजली, तेवढा भार माझ्या बारीक वायरीवर आला. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. दहापट झाला तर शंभरपट. हेडलाइटचे दहा अँपिअर त्या वायरीनं कसेबसे सोसले असतील. सेल्फचा भार आल्यावर ती शेगडीच्या तारेसारखी तापली आणि शेजारच्या निळ्या, लाल, तपकिरी वायरींचं प्लास्टिक वितळवत गेली. पेट्रोलच्या नळीपासून ती वीतभर अंतरावर होती.

ताई चहा घेऊन आल्या. मी सांगितलं, “ताई, ही वायर माझी आहे.” त्यांना आधी कळेना. मग मी सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बाबांनी रात्री गाडी काढणं बंद केलं होतं. म्हणायचे, आत काहीतरी जळाल्याचा वास येतो. आम्हाला वाटायचं वयानं घाबरतात. त्यांचा गाडीवरचा भरवसाच गेला होता. मग दिवसाही काढेनासे झाले.”

मला बोलायला काही राहिलं नव्हतं. माफी मागितली. त्यांनी माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. त्यांनी विचारलं, “मग आता किती दिवस लागतील?” मी म्हटलं, “चार-पाच.” त्या म्हणाल्या, “मग आधी जेवणाचं बघा, रोज डबा आणू नका.”

मी पाच दिवस गेलो. मजुरी घेतली नाही, सामानाचे पैसे मात्र ताईंनी हट्टानं दिले. आधी नवी तांब्याची पट्टी टाकली. बोल्टखालची जागा काचकागदानं लख्ख लोखंड दिसेपर्यंत घासली, कारण रंगावरून वीज जात नाही. बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली फासली. इंजिन आणि चासी यांच्यामधली पट्टीही बदलली. हेराल्डचे हेडलाइट उलटणाऱ्या बॉनेटमध्ये असल्यामुळं त्यांच्या वायरींना रोज वाकावं लागतं. त्यांची काळी वायर बिजागरीच्या भरवशावर न सोडता नीट चासीपर्यंत आणली. मग वितळलेल्या वायरी एकेक काढून त्याच रंगाच्या नव्या घातल्या. रंगाच्या बाबतीत या वेळी मी हट्टी झालो होतो. निळी मिळाली नाही म्हणून पिवळी, असं मी आता कुणालाही करू देत नाही. आपण लावलेला चुकीचा रंग तीस वर्षांनी कुणालातरी चुकीच्या वाटेला लावतो. मीच लावलेल्या रंगानं मलाच फसवलं, यापेक्षा मोठी साक्ष काय देऊ?

एके ठिकाणी शॉर्ट उरला होता, फ्यूज टाकला की उडायचा. तिथं अब्बांची युक्ती कामी आली. फ्यूजच्या जागी मागच्या इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब जोडायचा. शॉर्ट असेल तोवर बल्ब जोरात पेटतो, पण करंट दोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळं काही जळत नाही. मग एकेक वायर हलवत, सोडवत जायचं. ज्या क्षणी बल्ब विझतो किंवा मंदावतो, तिथं दोष. फ्यूजमागून फ्यूज उडवत बसण्यापेक्षा, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. चांदी गुंडाळलेला फ्यूज उडत नाही, मग जळते ती वायर.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडलं. बॅटरीचं बॉडीकडचं टोक शेवटी लावलं. ताईंना म्हटलं, “चावी तुम्ही फिरवा.” त्या बसल्या. मी बॉनेटशी उभा, एका हातात मीटर, दुसऱ्या हातात ओलं पोतं, न जाणो लागलं तर. सेल्फ मारला. इंजिन दुसऱ्या फेऱ्यात लागलं. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत. धूर नाही. त्यांनी हेडलाइट लावले आणि समोरच्या भिंतीवर दोन गोल उजेड पडले. ताईंनी गाडी बंद केली नाही, बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मी शेडबाहेर जाऊन उभा राहिलो.

श्रोतेहो, जुनी हेराल्ड काही सगळ्यांकडे नसते. पण ट्रॅक्टर असतो, जीप असते, स्कूटर असते. दोष तेच असतात. म्हणून दोन-चार गोष्टी सांगून थांबतो.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल, किंवा इंडिकेटर दिला की मागचा दिवा डोळे मिचकावत असेल, तर बल्ब बदलू नका. त्या दिव्याचा अर्थ सुटला आहे आणि वीज शेजारच्या दिव्यातून परतीची वाट काढते आहे. हेडलाइट मिणमिणत असतील तर लांब वायरीचं एक टोक दिव्याच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकाला धरून पाहा. उजेड वाढला तर दोष सापडला. मग ती वायर बाजूला ठेवा आणि खरा सांधा घासा. बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर तिचं बॉडीकडचं टोक काढून मध्ये टेस्ट लॅम्प लावा. सगळं बंद असतानाही तो पेटला तर कुठंतरी गळती आहे. एकेक फ्यूज काढत जा, दिवा विझला की गळतीची शाखा कळते.

नव्या गाड्यांबद्दल एक इशारा. आजच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो. तिथं बल्बाचा टेस्ट लॅम्प वाटेल त्या वायरीला टोचू नका, नाजूक भाग जातो. मीटरच वापरा. वायर परत आणण्याची गरज मात्र नव्या गाडीलाही तेवढीच आहे.

आणि माझ्यासारखी जी पोरं आज दुकानांत बसली आहेत त्यांना एक विनंती. गिऱ्हाईक घाईत असतं. रात्र होत आलेली असते. कधी खरोखरच माणसाला घरी पोचवायचं असतं आणि डायरेक्ट मारण्यावाचून इलाज नसतो. मारा. पण मध्ये फ्यूज घाला, वायरीवर चिठ्ठी बांधा, आणि गिऱ्हाइकाला तोंडानं सांगा की हे घरी पोचण्यापुरतं आहे, उद्या परत या. वकीलसाहेबांना मी एवढं एक वाक्य बोललो असतो, तर ते बहुधा परत आले असते. जळका वास त्यांनी तेव्हाच सांगितला असता.

ती पिवळी वायर मी ताईंना मागून घेतली. आमच्या दुकानात ती खिळ्याला टांगली आहे, मधला जळका जोड तसाच आहे. माझा पुतण्या आता कामाला बसतो. गाडी दुरुस्त झाली, असं तो उड्या मारत सांगत आला की मी त्याला अब्बांचाच प्रश्न विचारतो. सुटलं कुठं होतं? त्याला सांगता आलं तर गाडी सोडतो. नाही आलं, तर पुन्हा बॉनेट उघडायला लावतो.

ताईंची गाडी आता शेडमध्ये आहे. व्हिंटेज नोंदणीचे कागद त्यांनी दाखल केले आहेत. नंबर बाबांचाच राहावा म्हणून त्या रोज चौकशी करतात.